पुढच्या मालकाची गाडी

गाडीची पूजा सुरू झाली, गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढायला कुंकवाचं बोट पुढे केलं आणि माझ्या नवऱ्यानं त्यांचं मनगट धरलं. कुंकवाचा डाग पेंटमध्ये मुरतो, असं त्यानं कुठल्याशा फोरमवर वाचलं होतं. त्यानं खिशातून घडी घातलेला पांढरा कागद काढला, रंगाऱ्यांच्या निळ्या टेपनं तो बॉनेटवर चिकटवला आणि नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यावर काढा." गुरुजींनी न्यू जर्सीत आयुष्य काढलेलं, आमच्यासारखे नमुने त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. त्यांनी मुकाट्यानं कागदावर स्वस्तिक काढलं. चाकांखाली ठेवायची लिंबंसुद्धा नवऱ्यानं घरून पुसून आणली होती. नारळ गाडीपासून पंधरा पावलं लांब, देवळाच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी फोडण्यात आला. मी आणि आमची मुलगी ओठ चावत हसू दाबत उभ्या होतो.

ही चार वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट. गाडी जर्मन, गडद निळी, चार दारांची. दिसायला अगदी सोज्वळ, पण ॲक्सिलरेटरवर जरा पाय पडला की पाठ सीटला चिकटायची. किंमत आमच्या व्हॅनच्या तिप्पट. नवरा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्याच गाड्या रस्त्यावर मान वळवून पाहिल्या होत्या. ही एक हौस त्याची होती, आणि ती पुरी व्हावी असं मलाही मनापासून वाटत होतं. म्हणून बाकी काही बोलले तरी गाडी घ्यायला मी नाही म्हटलं नाही.

पण घेताना त्यानं एक वाक्य टाकलं. "आपण नीट ठेवू. पाच वर्षांनी विकली तरी रिसेल चांगला येईल."

ह्या वाक्याचं मूळ मिरजेत आहे. माझ्या सासऱ्यांनी तिथे एक स्कूटर घेतली होती. त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावावा लागायचा आणि तो लागायला वर्षं जायची. सासऱ्यांनी सहा वर्षं त्या स्कूटरच्या सीटचं प्लास्टिक काढलं नाही. पोरं प्लास्टिकवर बसून उन्हाळ्यात चटके सोसायची. आणि सहा वर्षांनी ती स्कूटर त्यांनी घेतल्या किमतीपेक्षा जास्तीनं विकली. ही कथा आमच्याकडे प्रत्येक सणाला सांगितली जाते. नंबर लावायची गरज संपली, काळ बदलला, देश बदलला, पण वस्तू जपली की तिचे पैसे परत येतात हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं आहे.

मग आमच्या घरी गाडी जपणं सुरू झालं. पाऊस असला की गाडी गराजमध्ये. बर्फ पडायच्या आधीपासून गराजमध्ये, कारण आमच्या पार्सिपनी गावात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ खालून लोखंड खातं. देसी स्टोअरला न्यायची नाही, तिथे लोक शॉपिंग कार्ट कशाही सोडतात. ऑफिसला न्यायची नाही, तिथल्या पार्किंगमध्ये झाडं आहेत आणि झाडांवर पक्षी आहेत. गाडीत खायचं नाही, प्यायचं फक्त पाणी, तेही गाडी थांबल्यावर. सगळ्यात मोठी भीती रिमची. फूटपाथच्या कडेला चाक घासलं की रिमवर जो ओरखडा उठतो, त्याच्या कल्पनेनंच तो कासावीस व्हायचा. म्हणून कुठे गेलोच तर तो पार्किंग लॉटच्या पार टोकाला गाडी लावायचा आणि आम्ही दोघं अर्धा मैल चालत दुकानाशी यायचो.

उभी राहून राहून गाडीची बॅटरी उतरायला लागली. तेव्हा त्यानं भिंतीतून वायर काढून तिला चार्जर जोडला. मी म्हटलं, "हिला आता सलाइन लावलं का?" त्याला ते आवडलं नाही.

मुलगी तेव्हा अकरावीत होती, नुकतं लायसन्स मिळालेलं. तिनं एकदाच विचारलं की मी ही ड्राइव्ह करू का. तो म्हणाला, आधी व्हॅनवर हात बसू दे. हात बसला, हायस्कूल संपलं, आणि आम्ही तिला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, तिच्या युनिव्हर्सिटीत, सोडायला निघालो तेव्हा सामान जास्त असल्यामुळे व्हॅनच नेली. तिनं परत विचारलं नाही. हे मला त्या वेळी खटकलं होतं, पण मी बोलले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दर रविवारी सकाळी चहा घेताना तो लॅपटॉपवर गाडीचा भाव बघायचा. मैल टाकायचे, कंडिशनमध्ये 'एक्सलंट'वर टिचकी मारायची, की आकडा यायचा. आकडा दर वेळी आधीपेक्षा खाली. पहिल्या वर्षी तो म्हणाला, नव्या गाडीचं असं होतंच. दुसऱ्या वर्षी म्हणाला, मार्केट डाउन आहे. तिसऱ्या वर्षी तो काही म्हणेनासा झाला, नुसता लॅपटॉप मिटायचा. एकदा मी गंमत म्हणून आमच्या बारा वर्षांच्या व्हॅनचा भाव बघायला लावला. मागच्या सीटला चिवड्याचा वास, दाराला पोचा, आणि तरी तिची किंमत वर्षभरात फारशी हललीच नव्हती. मी इतकी हसले की चहा सांडला. आता वाटतं, हसायला नको होतं.

कारण ह्या वर्षी मे महिन्यात त्याची नोकरी गेली. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, आणि पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये सगळं आटपलं. ग्रीन कार्ड होतं, माझी इन्शुरन्स कंपनीतली नोकरी होती, त्यामुळे देश सोडायची किंवा उपाशी राहायची वेळ नव्हती. आमच्या ओळखीत ह्याहून कितीतरी वाईट अवस्थेतले लोक होते. पण माणूस ज्या खुर्चीवर रोज बसतो ती काढून घेतली की तो घरातल्या दुसऱ्या खुर्चीवरही नीट बसत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं.

त्यानं मला एकच गोष्ट मागितली. मुलीला सांगायचं नाही. ती लगेच म्हणेल, मी कॉलेज सोडून जॉब बघते. मी म्हटलं, दोन आठवडे. दोन आठवड्यांचे पाच महिने झाले. ती दुपारी मध्येच फोन करायची, तेव्हा हा सोफ्यावर बसलेला असायचा आणि फोन कट करून 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज टाकायचा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल असला की इस्त्रीचा शर्ट घालायचा. खाली लेंगा. तिच्याशी बोलताना आवाज असा ठणठणीत काढायचा की मला स्वयंपाकघरात उभं राहवायचं नाही. खोटं तो बोलत होता आणि लाज मला वाटत होती, कारण मी गप्प राहून त्यात सामील होते.

ऑगस्टमध्ये एका रिक्रूटरनं त्याला त्याच्या आधीच्या पगाराच्या निम्म्यावर काँट्रॅक्ट देऊ केलं आणि दोन दिवसांनी तेही कॅन्सल केलं. त्या दिवशी तो म्हणाला, "माझाही रिसेल गेला." मला इतका राग आला की मी हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं. म्हटलं, पुन्हा असं बोललास तर बघ. रागाखाली भीती होती, हे मला तेव्हाच कळत होतं. तोपर्यंत मी धरून चालले होते की हा कंटाळलाय. तो स्वतःला मोडीत काढतोय हे मला त्या दिवशी समजलं.

यंदा दसऱ्याला त्यानं गाडीला हार घातला नाही. दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी म्हणाला, "विकून टाकू. हप्ता आणि इन्शुरन्स कशाला भरायचा?" चार वर्षं मीच म्हणत होते की ही शोभेची बाहुली विकून टाक. पण त्यानं तसं म्हटल्यावर मलाच ते नकोसं झालं.

हायवेलगत जुन्या गाड्या घेणारं एक मोठं दुकान आहे, तिथे गेलो. गाडी तपासायला एक बाई आली, साठीच्या आसपासची, पांढऱ्या केसांची वेणी आणि हातात टॅबलेट. नवऱ्यानं सर्व्हिसिंगची फाइल काढली. तीत पावत्या तारखेनुसार, आणि सगळ्यात वर प्लास्टिकच्या कव्हरात तो स्वस्तिकाचा कागद. तो त्यानं पटकन मागे सरकवला. बाई गाडीभोवती फिरत होती आणि हा तिच्या मागोमाग फिरत स्वतःच एकेक खोट दाखवत होता. मागच्या बंपरवर खडा उडालेला, नखाएवढा. माफ करा, लक्षात आलं नाही. डाव्या आरशाखाली बारीकशी रेघ. माफ करा. त्या बाईला त्या दिसल्याही नव्हत्या. मला त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

तिनं मैल पाहिले आणि पुन्हा पाहिले. इतके कमी मैल कसे, असं तिनं विचारलं. जपली, असं ह्यानं अभिमानानं सांगितलं. मग तिनं आकडा दाखवला. घेतलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी.

बाई वाईट नव्हती. तिनं आम्हाला बसवलं, पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि नीट समजावून सांगितलं. अशा गाड्यांचं असंच असतं. नवी असते तेव्हा लोक तिच्यासाठी जीव टाकतात. वॉरंटी संपत आली की दुरुस्तीच्या खर्चाला भितात, कारण एवढ्या ताकदीच्या इंजिनचे पार्ट जुन्या गाडीतही नव्याच्याच भावानं घालावे लागतात. शिवाय लीजवरून परत आलेल्या ढिगानं उभ्या आहेत, आणि हल्ली सगळ्यांना उंच गाड्या हव्यात. कमी मैलांचा थोडा फायदा मिळतो. पण गाडी उभी ठेवली तरी तिचं वय थांबत नाही. आमच्या गाडीचे टायर तर न पळताच जुने झाले होते, ते तिला बदलावेच लागणार होते.

मग ती उठता उठता अगदी सहज, खरं म्हणजे कौतुकानंच म्हणाली, "यू टूक वंडरफुल केअर ऑफ इट फॉर द नेक्स्ट ओनर."

ऑफर सात दिवस चालेल, विचार करा, असं सांगून ती गेली.

घरी येताना तो दुसऱ्या सिग्नलला म्हणाला, "चार वर्षं मी कुणाची गाडी पुसत होतो गं?" उत्तर त्याला माहीत होतं. जो माणूस उद्या येऊन ती घेणार, तो गाडीत कॉफी पिणार, पावसात नेणार, झाडाखाली लावणार. त्याच्यासाठी आम्ही अर्धा अर्धा मैल चाललो होतो. आमच्या मुलीला नाही म्हटलं होतं, तेही त्याच्याचसाठी.

घराच्या वळणाशी त्यानं गाडी वळवली नाही. सरळ देसी स्टोअरला गेला आणि दारासमोर, दोन व्हॅनच्या मधोमध गाडी लावली. आत जाऊन दोन समोसे आणि एक चिवड्याचं पाकीट घेऊन आला. आम्ही गाडीत बसून समोसे खाल्ले. त्याच्या मांडीवर कागदी रुमाल होता, पण चटणीचा थेंब पडायचा तो सीटवर पडलाच. तो पुसायला धावला नाही. त्या थेंबाकडे बघत म्हणाला, "तिला सांगायला पाहिजे. फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आम्ही पश्चिमेकडे जाणारा एटी वेस्ट हायवे धरला. चार तासांचा रस्ता, पहिल्या तासाभरातच पाऊस लागला. चार वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीचे वायपर खऱ्या पावसात चालले. पेनसिल्व्हेनियातले डोंगर लाल-पिवळे झाले होते. एका मोकळ्या चढावर त्यानं पाय दाबला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तो हसला. मेपासून तो हसलेला मी पाहिलाच नव्हता. मला एकदम रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

आम्ही येतोय, एवढाच मेसेज मी वाटेतून टाकला होता. मुलगी अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर वाट बघत बसली होती. आई-बाबा अचानक येतात म्हणजे आजी गेली, असं तिला वाटलं होतं, चेहरा पांढराफटक. निळी गाडी बघून तर ती आणखीनच घाबरली. नवऱ्यानं इंजिनही बंद केलं नाही. काच खाली करून म्हणाला, "बस आधी." ती मागे बसली. त्यानं तिच्याकडे वळून न बघता, समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगून टाकलं. मे महिना, पंधरा मिनिटांचा कॉल, मीटिंग नसलेल्या मीटिंगा. इस्त्रीच्या शर्टाचंही सांगितलं. मी खाली मान घालून चिवड्याच्या पाकिटाची कडा दुमडत बसले.

ती म्हणाली, "डॅड, फाइव्ह मंथ्स? यू वर अलोन विथ धिस फॉर फाइव्ह मंथ्स?" तिला आम्हा दोघांची चीड आली होती. आई, तूसुद्धा, असं ती मला म्हणाली. मग तिनं पुढे वाकून मागूनच त्याच्या गळ्यात हात टाकले, सीटबेल्टसकट. कॉलेज सोडायचा विषय तिनं काढलाच नाही. म्हणाली, उन्हाळ्यात मी लायब्ररीत कामाचे तास वाढवू शकते, आणि ते मी तुला विचारत नाहीये.

गाडी विकतोय, हेही त्यानं सांगितलं. ती गाडीभर नजर फिरवून म्हणाली, आय नेव्हर इव्हन गॉट टू ड्राइव्ह इट. तक्रार नव्हती, नुसतं म्हणाली.

नवरा उतरला. पावसात उभा राहून त्यानं तिच्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

तिनं आम्हाला गावाबाहेर नेलं, मक्याच्या कापलेल्या शेतांमधून, डोंगराच्या कडेकडेनं. बरी चालवत होती, माझ्यापेक्षा तर नक्कीच. तो तिच्या शेजारी बसून चिवडा खात होता आणि मध्येच तिच्या हातावर घास देत होता. शेंगदाणे सीटच्या फटीत जात होते. मी मागे बसले होते, आणि ह्या गाडीत आम्ही तिघं एकदम असे कधीच बसलो नव्हतो हे माझ्या लक्षात आलं. पूजेच्या दिवशीही ती आणि मी व्हॅननं घरी आलो होतो.

परत आल्यावर तिच्या बिल्डिंगपाशी जागा अरुंद होती. तिनं गाडी कडेला घेतली आणि उजवीकडून तो आवाज आला. पुढचं चाक फूटपाथच्या दगडाला खर्रर्र करून घासत गेलं. तिनं ब्रेक मारला. दोन्ही हात तोंडावर नेले. "ओह गॉड. बाबा, सॉरी, आय ॲम सो सॉरी." घाबरली की अजूनही तिच्या तोंडून बाबा निघतं.

तो उतरला, खाली बसला. रिमवर वीतभर ओरखडा होता, चंदेरी, खोल. त्यावरून त्यानं एकदा बोट फिरवलं. माझा जीव टांगणीला लागला होता. मग तो गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि म्हणाला, "चल, जेवायला कुठे नेतेस?"

पुढचे चार दिवस आम्ही ती गाडी कामाला लावली. मी तिच्यातून ऑफिसला गेले, तिच्यातून दूध आणलं. तो गावातल्या लायब्ररीत जाऊन अर्ज लिहायला लागला आणि गाडी बिनदिक्कत झाडाखाली लावायला लागला. पक्ष्यांनी त्यांचं काम केलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो, मी व्हॅन घेऊन मागोमाग. तीच बाई आली. तिनं मैल बघितले आणि भुवया वर गेल्या. सीटवरचा चटणीचा डाग पाहिला, फटीतला शेंगदाणा उचलून तळहातावर घेतला. मग वाकून उजव्या चाकापाशी थांबली. गेल्या शनिवारी हे नव्हतं, काय झालं, असं तिनं विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं. मागच्या खेपेला नखाएवढ्या खड्याबद्दल माफी मागणारा हा माणूस आता ह्या वीतभर ओरखड्याचं काय करणार, असं माझ्या मनात आलं.

मुलीला कॉलेजात ॲडमिशन मिळाल्याचं फोनवरून मिरजेला कळवताना त्याचा जो आवाज लागला होता, तोच आवाज लावून तो म्हणाला, "माय डॉटर वॉज ड्रायव्हिंग."

बाईनं टॅबलेटवर काहीतरी टिपलं. आकडा थोडा खाली आला. किती आला ते न विचारताच त्यानं सही केली, फाइलमधून स्वस्तिकाचा कागद तेवढा काढून घेतला आणि व्हॅनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला.